उशाशी फोन : मधुमेह आणि झोपेत अडणारा श्वास

मधुमेहाची तपासणी दिवसा होते आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार रात्री घडतो; एवढ्या एका कारणाने हे दोन आजार एकाच शरीरात वर्षानुवर्षे राहूनही वैद्यकीय कागदपत्रांत अनेकदा एकत्र येत नाहीत. रुग्ण सकाळी उपाशीपोटी रक्त देतो, मागच्या तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही चाचणी करून घेतो आणि मधुमेहतज्ज्ञाकडून गोळ्यांचे प्रमाण बदलून आणतो; मात्र रात्री झोप कशी लागते, हा प्रश्न त्याला तिथे क्वचितच विचारला जातो, आणि घोरण्याची तक्रार घेऊन तो छातीविकारतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला, तर तिथे साखरेची फाइल बहुधा उघडली जात नाही. मोबाइल फोन आणि त्याला जोडलेली उपकरणे यांच्याविषयी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जी आशा निर्माण झाली आहे तिचे मूळ या तुटलेपणात आहे, कारण दिवसा आणि रात्रीही रुग्णाच्या हाताशी असणारे हे एकमेव साधन आहे. ही आशा कोठे रास्त आहे आणि कोठे फुगवलेली आहे हे ठरवण्यासाठी आधी या दोन आजारांचे आपसांतले नाते पाहावे लागते.

वैद्यकात ज्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात त्या विकारात झोपेमध्ये घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्गाचा वरचा भाग अरुंद होतो किंवा पूर्ण मिटतो. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. हा खंड दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला तर तो मोजणीत धरतात, आणि झोपेच्या दर तासाला असे पूर्ण व अर्धवट खंड मिळून किती पडतात, त्या संख्येवर विकाराची तीव्रता ठरते: पाचपासून पंधरापर्यंत सौम्य, पंधरापासून तीसपर्यंत मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र. खंडाच्या अखेरीस मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठ्या घोरण्यासह हवा आत शिरते आणि झोप पुन्हा लागते. ही जाग इतकी थोडी असते की सकाळी रुग्णाला तिची आठवण राहत नाही, आणि तीव्र विकाराचा माणूस रात्रभरात दोनशेहून अधिक वेळा असा अर्धवट जागा होऊनही ‘झोप छान लागली’ असे प्रामाणिकपणे सांगू शकतो.

साखरेशी संबंध येतो तो या जागण्यातून आणि प्राणवायूच्या चढउतारातून. रक्तातील प्राणवायू वारंवार खाली जाऊन वर येऊ लागला की शरीर ते संकट मानते. ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके आणि कॉर्टिसॉल वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, आणि स्नायू व चरबीच्या पेशी इन्सुलिनला कमी दाद देऊ लागतात, ज्याला इन्सुलिनरोध म्हणतात. झोपेचे तुकडे होणे हेदेखील स्वतंत्रपणे इन्सुलिनरोध वाढवते. म्हणजे रात्रीचे जेवण हलके असले, गोळी वेळेवर घेतली असली, तरी पहाटेची साखर चढलेली राहू शकते. उलट दिशेनेही परिणाम होतो: पोटावरची आणि मानेभोवतीची चरबी श्वासमार्ग दाबते, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात स्वायत्त मज्जातंतूंना झालेली इजा घसा उघडा ठेवणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया मंद करत असावी, असे मानले जाते. अमेरिकेत स्थूल आणि टाइप २ मधुमेह असलेल्या ३०६ जणांची झोप तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या ८६ टक्क्यांहून अधिक जणांना कमीअधिक प्रमाणात हा विकार निघाला. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याच्या आदल्याच वर्षी, दोन्ही आजारांपैकी एक असलेल्या रुग्णात दुसऱ्याचा शोध घ्यावा, अशा आशयाचे निवेदन काढले होते.

महाराष्ट्रातही ही गोष्ट अज्ञात नव्हती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील फुप्फुसविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात झोपेतील श्वासाचा विकार १९.५ टक्क्यांमध्ये, आणि त्याबरोबर दिवसा झोप येण्याची लक्षणेही असलेला आजार ७.५ टक्क्यांमध्ये असल्याचा अंदाज निघाला, आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रमुख बाबी म्हणून वजन, मानेचा घेर आणि मधुमेहाचा इतिहास या तिन्ही पुढे आल्या. त्यानंतर देशातील मधुमेहाचा आकडा वाढतच गेला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला, आणि त्यात राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. झोपेच्या विकाराची अशी घरोघर मोजणी झालेली नाही. पण वेगवेगळ्या भारतीय अभ्यासांची गोळाबेरीज करून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याच वर्षी प्रौढांमधले प्रमाण सुमारे ११ टक्के मांडले.

इतक्या मोठ्या संख्येतले बहुसंख्य रुग्ण निदानाविना राहतात, याचे एक कारण म्हणजे दोन आजारांची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे श्रेय नेहमी ओळखीच्या आजाराला मिळते. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणे घ्या: साखर जास्त असली की मूत्रपिंडे ती पाण्याबरोबर बाहेर टाकतात, हे खरेच, पण श्वास अडला असताना छातीत निर्माण होणाऱ्या ऋण दाबामुळे हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, हृदय एक संप्रेरक स्रवते आणि त्यानेही लघवी वाढते. साखर आटोक्यात असतानाही हे उठणे थांबत नसेल, तर शंका श्वासाकडे वळायला हवी. ती वळत नाही. दिवसाचा थकवा ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून दिला जातो. रात्री घामाने भिजून जाग आली तर साखर घटल्याचा संशय घेऊन घरचे लोक गूळ किंवा बिस्किटे देतात, आणि तो घाम गुदमरण्याचा असला तर या उपचाराने फक्त पहाटेची साखर वाढते. सकाळची डोकेदुखी, चिडचिड, न आटोपणारा रक्तदाब ही यादी अशीच पुढे जाते. घोरणे हे तर अनेक घरांत गाढ झोपेचे लक्षण मानले जाते, आणि बायकांच्या घोरण्याविषयी बोलणे टाळलेच जाते.

मोबाइलवर आज सहज सापडणाऱ्या बहुतेक चाळणी-चाचण्या प्रश्नावलीच्या रूपात असतात, आणि त्यांत टोरंटो येथे डॉ. फ्रान्सेस चुंग यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी सर्वांत रूढ आहे. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, कोणी पाहिलेला श्वासाचा खंड आणि रक्तदाब हे चार प्रश्न. त्यानंतर वजन-उंचीचे गुणोत्तर ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणे या चार बाबी. भूल देण्यापूर्वी धोक्याचा रुग्ण ओळखावा म्हणून ही यादी तयार झाली, आणि त्या कामासाठी ती चांगली आहे. तिचा वजनाचा उंबरठा मात्र पुण्यातल्या माणसाला लावताना विचार करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच दोन छायाचित्रे छापली होती: दोघांचेही वजन-उंचीचे गुणोत्तर २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात लपलेली ही चरबी मधुमेह लवकर आणते, हे आता सर्वमान्य आहे, आणि भारतात म्हणूनच २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. अशा समाजात ३५ हा आकडा जसाच्या तसा ठेवून त्यावर मराठी अक्षरे चढवलेले ॲप अनेक मधुमेहींना ‘धोका कमी’ असे सांगून निश्चिंत करील. भाषांतराइतकेच उंबरठ्यांचे स्थानिकीकरण महत्त्वाचे आहे, आणि ते काम भाषांतरकाराचे नसून संशोधकाचे आहे.

प्रश्नावलीच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. झोपेची प्रमाणभूत तपासणी, पॉलिसॉम्नोग्राफी, प्रयोगशाळेत एक रात्र काढून होते; तीत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल, हृदयाचे ठोके आणि प्राणवायू हे सारे एकाच वेळी नोंदले जाते. त्याऐवजी थोड्या तारांची घरगुती तपासणी आता बरीच रूढ झाली आहे, आणि तिच्याही मागे मनगटी घड्याळे आली आहेत. सॅमसंगच्या घड्याळातील अशा सुविधेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि ॲपलच्या सुविधेला त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मान्यता दिली. पहिली रक्तातील प्राणवायूच्या घसरणीवरून अंदाज बांधते, दुसरी मनगटाच्या बारीक हालचालींवरून श्वासातील अडथळे ओळखून महिन्याभराच्या रात्रींचा हिशेब मांडते. दोन्ही सुविधा मध्यम ते तीव्र विकाराची शक्यता दाखवतात, निदान करत नाहीत, आणि ज्यांना आधीच निदान झाले आहे त्यांच्यासाठी त्या नाहीत. ॲपलने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पडताळणीत अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांशच पकडले गेले. म्हणजे घड्याळाने इशारा दिला तर तो गंभीरपणे घ्यावा, पण इशारा दिला नाही म्हणून तपासणी रद्द करण्याचे काहीच कारण नाही. प्रकाश त्वचेतून पाठवून प्राणवायू मोजणाऱ्या साधनांबाबत आणखी एक सावधगिरी लागते: अमेरिकेतील २०२० सालच्या एका अभ्यासात बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने न दाखवलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली होती. आणि त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे, तो भारतातल्या ऑनलाइन बाजारात अशा वस्तूंची रेलचेल असताना मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

निदान झाल्यानंतरचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप: नाकावर किंवा नाक-तोंडावर बसणाऱ्या मास्कमधून सतत सौम्य दाबाची हवा सोडून घसा आतून उघडा ठेवणारे यंत्र. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली प्रथम मांडले, आणि तेव्हापासून त्याची खरी अडचण एकच राहिली आहे, ती म्हणजे लोक ते रात्रभर लावत नाहीत. मास्क टोचतो, तोंड कोरडे पडते, हवा गळून डोळ्यांत जाते, शेजारी झोपणाऱ्याला आवाज होतो. आजची बहुतेक यंत्रे रोजचा वापर, हवेची गळती आणि उरलेले श्वासखंड यांची नोंद मोबाइलवर आणि दवाखान्याकडे पाठवतात. या नोंदींचा उपयोग होतो का, याची एक चांगली चाचणी दक्षिण कॅलिफोर्नियातील कायझर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने केली आणि २०१८ साली प्रसिद्ध केली: यंत्राच्या नोंदी पाहून आपोआप जाणारे प्रोत्साहनाचे किंवा मदतीचे संदेश आणि आधीचे दूरशिक्षण या दोन्ही गोष्टी मिळालेल्यांचा वापर तीन महिन्यांनी सरासरी रोज ४.८ तास होता, नेहमीच्या पद्धतीने सोडलेल्यांचा ३.८ तास. एक तास हा फरक वरवर किरकोळ दिसतो; मधुमेहाच्या दृष्टीने तो कोणता तास आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

या ठिकाणी आकडे रुग्णाला फसवू शकतात. अमेरिकेत विम्याच्या नियमांनी चार तास वापर हा ‘पुरेसा’ मानला, तो उंबरठा जगभर पसरला, आणि यंत्राचे ॲप चार तास पूर्ण होताच शाबासकी देते. पण झोप रात्रभर एकसारखी नसते. जिच्यात डोळ्यांची जलद हालचाल होते आणि बहुतेक स्वप्ने पडतात ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात दाटते. तिच्यात स्नायू सर्वाधिक सैल असतात, त्यामुळे श्वासाचे खंड लांबतात आणि प्राणवायू अधिक खाली जातो. टाइप २ मधुमेह असलेल्यांवर शिकागो विद्यापीठात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचबीए१सीचा संबंध या स्वप्नझोपेतील श्वासखंडांशी आढळला, बाकीच्या झोपेतील खंडांशी नाही. अकराला मास्क लावून तीनला काढून ठेवणारा रुग्ण ॲपच्या दृष्टीने आज्ञाधारक आहे आणि त्याचा सर्वांत घातक प्रहर उपचाराविना जातो. सीपॅपने साखर कमी होते का, या प्रश्नाला चाचण्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी का आहेत, याचाही खुलासा काही अंशी यातच असावा: जिथे सहभागी लोकांनी घरी आपापल्या सोयीने मास्क लावला तिथे साखरेत फारसा फरक अनेकदा दिसला नाही, आणि शिकागोतच मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना प्रयोगशाळेत देखरेखीखाली दोन आठवडे रोज आठ तास मास्क लावून झोपवले तेव्हा ग्लुकोज पचवण्याची क्षमता सुधारली. तेव्हा दोन्ही आजार असलेल्यांसाठी बनवलेल्या ॲपने तास मोजण्याबरोबर मास्क किती वाजता निघाला हेही ठळकपणे दाखवले पाहिजे. ही माहिती यंत्राजवळ आधीच असते. पडद्यावर ती दिसेल न दिसेल, हा रचनाकाराचा निर्णय आहे, आणि तो बहुधा साखरेचा विचार न करता घेतलेला असतो.

साखरेच्या बाजूलाही रात्र आता उघडी पडू लागली आहे. दंडावर चिकटवलेला, त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज सतत मोजणारा सेन्सर साधारण दोन आठवडे टिकतो आणि काही मिनिटांच्या अंतराने एक आकडा फोनला देतो. एचबीए१सी ही सरासरी असल्याने रात्रीचे चढउतार तिच्यात विरून जातात, शिवाय भारतीय स्त्रियांमध्ये सर्रास आढळणाऱ्या लोहाच्या कमतरतेत ती खोटी वाढलेली दिसू शकते. सेन्सरला या अडचणी नाहीत. सेन्सरची वक्ररेषा आणि मास्कची वेळ एका कागदावर आली, तर आजवर अंदाजाने घेतले जाणारे काही निर्णय पुराव्याने घेता येतात. समजा एखाद्याची पहाटे चारनंतर साखर चढत जाते. पहाटे संप्रेरकांमुळे काही चढ नैसर्गिकच असतो; रात्रीच्या जेवणाचाही वाटा असू शकतो; पण मास्क पूर्ण लावलेल्या रात्री ही चढण सौम्य आणि काढून ठेवलेल्या रात्री तीव्र दिसत असेल, तर औषध वाढवण्याआधी मास्क का निघतो हे शोधणे शहाणपणाचे ठरते. एकेका रात्रीवरून असा निष्कर्ष काढू नये, निदान दोन-तीन आठवड्यांच्या रात्री शेजारी मांडाव्यात, आणि इन्सुलिनचे प्रमाण आलेख पाहून परस्पर बदलू नये.

दोन उपचार एकमेकांच्या वाटेत येतात, अशी उदाहरणेही व्यवहारात भेटतात. श्वास अडणाऱ्या अनेकांना उताणे न झोपता कुशीवर झोपण्याचा सल्ला दिला जातो, आणि दंडावरच्या सेन्सरवर कुशीचा भार आला की त्या जागेचा द्रवप्रवाह दबून यंत्र साखर खोटी कमी दाखवते व मध्यरात्री गजर वाजवते. रुग्ण दचकून उठतो, साखर खातो, मास्क काढतो आणि पुन्हा लावत नाही. सेन्सर दुसऱ्या दंडावर लावणे, कूस बदलणे, गजर वाजला तर बोटाला टोचून एकदा खात्री करणे एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. मात्र ज्याने सेन्सर दिला त्याला कुशीच्या सल्ल्याची आणि ज्याने सल्ला दिला त्याला सेन्सरची कल्पना असावी लागते. (उशाशी ठेवलेला फोन हाच अनेकांच्या झोपेचा पहिला शत्रू असतो, ही या साऱ्या उद्योगातली गंमत वेगळीच.)

तंत्रज्ञानाच्या खर्चिक टोकाकडून साध्या टोकाकडे वळले, तर भारताजवळ उत्तम पुरावा आहे. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने दक्षिण भारतातील, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे नियमित साधे एसएमएस पाठवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला. स्मार्टफोन नाही, सेन्सर नाही, आहार आणि चालण्याविषयीची दोन ओळींची आठवण, तीही त्या माणसाच्या तयारीची पायरी पाहून लिहिलेली. केंद्र सरकारने २०१६ साली मिस्ड कॉल देऊन नोंदणी करण्याची एम-डायबिटीस ही संदेशसेवा सुरू केली, तिच्यामागे हाच विचार होता. याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवला पाहिजे. हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत सुमारे ३,७०० रुग्णांवर झालेल्या एम-वेलकेअर चाचणीत परिचारिकांच्या हाती टॅब्लेट देऊन रक्तदाब आणि मधुमेह यांच्या औषधोपचाराची शिफारस संगणकाकडून मिळवली गेली, आणि वर्षाअखेरीस नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांच्या तुलनेत साखरेत किंवा रक्तदाबात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. सुधारणा दोन्हीकडे झाली होती. या दोन निकालांमधला विरोध वरवरचा आहे. पहिल्यात नेमक्या माणसाला नेमकी आठवण गेली. दुसऱ्यात यंत्रणेला सल्ला मिळाला, पण डॉक्टरांची संख्या, औषधांचा साठा आणि रुग्णाला मिळणारा वेळ तेवढाच राहिला. झोप आणि साखर जोडणाऱ्या सेवेचे भवितव्यही तिच्या सेन्सरपेक्षा अधिक या गोष्टीवर ठरेल की आलेखात बिघाड दिसल्यावर फोन कोण उचलतो.

महाराष्ट्रात हे प्रश्न अगदी जमिनीवरचे आहेत. सीपॅपला वीज लागते. ग्रामीण भागात रात्री वीज गेली की यंत्र थांबते, आणि बॅटरीवर चालवायचे तर हवा ओलसर करणारा तापक बंद ठेवल्याने ती जास्त वेळ पुरते, ही माहितीसुद्धा विक्रेता सांगेलच असे नाही. यंत्राची किंमत वीस-पंचवीस हजारांच्या पुढे सुरू होते आणि सेन्सरसाठी दर दोन आठवड्यांनी काही हजार मोजावे लागतात, त्यामुळे सततच्या सेन्सरपेक्षा वर्षातून एक-दोनदा, उपचार बदलताना, दोन आठवड्यांची खिडकी उघडणे हा अनेकांसाठी परवडणारा मध्यम मार्ग ठरू शकतो. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. बाईच्या नावाने आलेली आठवण तिला संध्याकाळी कळते किंवा कळतच नाही. वयस्कांसाठी लेखी संदेशापेक्षा मराठीतला बोलका कॉल अधिक उपयोगी पडतो. सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र फोनच्याही आधीची आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची चाळणी करण्यासाठी आशा स्वयंसेविका घरोघर जो अर्ज भरतात त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार यांची विचारणा आहे, घोरण्याची नाही. त्या अर्जात घोरण्याचा आणि झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिल्याचा प्रश्न घातला, कंबरेबरोबर मानेभोवतीही टेप फिरवली, आणि ‘होय’ उत्तराच्या मधुमेहीला ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेतून तज्ज्ञापर्यंत पोचवले, तर कोणत्याही घड्याळापेक्षा अधिक रुग्ण सापडण्याची शक्यता आहे.

कायद्याची चौकट अपुरी असली तरी आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने काढलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मंचाला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता डॉक्टरला साहाय्य करू शकते, निर्णय नोंदणीकृत डॉक्टरचाच असला पाहिजे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तरी रात्री किती वाजता कोण झोपले, किती वेळा उठले, मास्क लावला की नाही, ही माहिती विमा कंपनीच्या आणि मालकाच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे रात्रपाळीच्या ट्रकचालकाला किंवा एसटीच्या चालकाला समजावून सांगण्याची गरज नाही. संमतीचे बटण दाबण्याआधी ही माहिती कोणाकडे जाते, हे मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असणे ही किमान अपेक्षा आहे.

वजन हा दोन्ही आजारांचा सामाईक धागा असल्याने अलीकडच्या औषधांनी या क्षेत्रात नवी खळबळ आणली आहे. २००९ सालच्याच अमेरिकी अभ्यासात, स्थूल मधुमेहींपैकी ज्यांनी काटेकोर आहार-व्यायामाने वर्षभरात सरासरी सुमारे ११ किलो वजन घटवले त्यांच्यात श्वासखंड लक्षणीय घटले आणि विकार पूर्ण नाहीसा होण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक राहिले. टिर्झेपटाइड या आठवड्यातून एकदा टोचायच्या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, आणि मधुमेह व वजन यांसाठी ते मार्च २०२५ पासून भारतातही मिळू लागले. मात्र ज्या ४६९ जणांच्या चाचण्यांवर ती मान्यता आधारलेली आहे, त्यांतून मधुमेहींना वगळण्यात आले होते. वजन झपाट्याने उतरू लागले की साखर उतरवणाऱ्या जुन्या गोळ्यांचे व इन्सुलिनचे प्रमाण घटवावे लागते, नाहीतर रात्री साखर धोकादायकरीत्या खाली जाते; मास्कचा ठरावीक दाबही जास्त होऊ लागतो आणि पोटात हवा भरते, आणि बरे वाटते म्हणून मास्क सोडण्याआधी झोपेची तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते. हे तिन्ही बदल एकाच काळात होतात आणि आज ते दोन वेगळ्या डॉक्टरांकडे, दोन वेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये, एकमेकांना न दिसता नोंदले जातात. या नोंदी एकत्र येईपर्यंत दोन्ही आलेखांचे फोटो काढून दोन्ही डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवणारा रुग्ण किंवा त्याची मुलगी हीच प्रत्यक्षात चालू असलेली जोडणी आहे.